गाडीत पाव्हणे असतात

एस. टी.च्या जुन्या गाडीत बसल्यावर हातात वर्तमानपत्र नसले तरी अडत नसे. वाचायला पुष्कळ मजकूर समोर रंगवलेला असे. धूम्रपान करू नये. खिडकीबाहेर हात काढू नये. सुटे पैसे द्यावेत. विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे. चालकाशी बोलू नये. एका बाकाच्या वर 'आमदार, खासदार' असे लिहिलेले आणि त्या बाकावर मांडीवर करडू घेऊन बसलेली एखादी म्हातारी. इतक्या सूचनांमध्ये 'आपसांत हळू बोलावे' अशी सूचना मात्र मी कधी वाचली नाही. कोणाला सुचली नसेल असे नाही. पण लिहून उपयोग काय होता? गाडीच माणसांपेक्षा जास्त बोलत असे. खिडक्यांच्या काचा थडथडत, पत्रा कुरकुरत असे, चढावर इंजिन आक्रोश करी, आणि वाहकाच्या पंचची टकटक बाकाबाकांवरून फिरत राही. या सगळ्यावर आवाज चढवल्याखेरीज शेजारच्याला काही ऐकूच जात नसे. मराठवाड्यातला माणूस मोठ्याने बोलतो, अशी पुण्या-मुंबईकडे एक तक्रार असते. त्यातला निदान अर्धा दोष मी आमच्या रस्त्यांना आणि गाड्यांना देतो.

आता मात्र अशी पाटी लावावी, अशी मागणी सगळीकडून ऐकू येते. काही ठिकाणी ती लागलीही आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने डब्यांत मोठ्याने फोनवर बोलणे, मोठ्या आवाजात गाणी लावणे यांबाबत सूचना काढल्या. रात्री दहानंतर मंद दिवा सोडून बाकीचे दिवे मालवायचे आणि गप्पाही आवरत्या घ्यायच्या, असेही सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने आपल्या बसमध्ये कानात इअरफोन घातल्याशिवाय मोबाइलवर गाणी आणि चित्रफिती लावायला मनाई केली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. त्यांच्या विरुद्ध बोलण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. पण या नियमांत एक घोटाळा होण्याचा संभव आहे. माणसाचे बोलणे आणि यंत्राचा आवाज या दोहोंना आपण एकाच पोत्यात भरून 'गोंगाट' असे लेबल लावून मोकळे होतो. माझ्या मते या गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय तिसरी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल कोणताच नियम काही बोलत नाही. ती मी चारठाण्याच्या गाडीत शिकलो, आणि चांगल्या रीतीने शिकलो असे म्हणता येत नाही.

चारठाणा हे परभणी जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले गाव. जिंतूरहून मंठ्याकडे आणि पुढे जालन्याकडे जाताना लागते. यादवकाळातल्या देवळांमुळे जुन्या वास्तूंच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे. गोकुळेश्वराचे देऊळ, पायऱ्यांची बारव, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची मान वर करायला लावणारा उंच कोरीव स्तंभ. १९८६ ते १९९१ अशी पाच वर्षे मी तिथल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. बिऱ्हाड जिंतूरला. सकाळी गाडीने जायचे, संध्याकाळी गाडीने यायचे. प्रवास पाऊण तासाच्या आतला. पण त्या पाऊण तासात तालुक्याचा सगळा कारभार उरकत असे. कोणाच्या कापसाला काय भाव आला, कोणाची म्हैस व्याली, कोणत्या गुरुजींची बदली कोणी रद्द करून आणली, परभणीच्या दवाखान्यात कोणाला नेले आणि तो परत येण्यासारखा आहे की नाही. टपाल दोन दिवसांनी येई. बातमी संध्याकाळच्या गाडीने येई. मुक्कामाची गाडी रात्री गावात थांबली की चालक-वाहकांभोवती पारावर चार माणसे जमत ती याच कारणाने.

मराठवाड्यात सरकारी मोटार तशी जुनी. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली ती सुरू केली. पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस. टी.ची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे गाडीत बसून गावगप्पा मारण्याचा आमचा अनुभव सोळा वर्षांनी जास्त आहे. हा थोडा थट्टेचा भाग झाला. पण थट्टा सोडली तरी एवढे खरे की, खेड्यातल्या माणसाला एस. टी. ही नुसती वाहन नव्हती. जातीपातीने वेगवेगळ्या ओट्यांवर बसणारी माणसे त्या एका बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि बसली म्हणजे बोलत. गप्प कसे बसणार? शेजारी बसलेल्या माणसाला गाव विचारले नाही, तर तो अपमान समजला जाई.

तेव्हा बोलण्याला माझा आक्षेप नाही. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या दिवसांत जिंतूरच्या स्टँडवर मी एकदा सहज जाऊन बसलो होतो. इतकी शांतता त्या जागेने माझ्या आयुष्यात कधी दाखवली नव्हती. एक कुत्रे फलाटावर झोपले होते. ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.त अर्धे तिकीट झाले. गाड्या बायकांनी भरू लागल्या. माहेर, बाजार, देवदर्शन, दवाखाना, लेकीचे बाळंतपण. जी कामे वर्षानुवर्षे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून तटली होती ती निघाली. आणि लगेच आमच्या वयाचे पुरुष तक्रार करू लागले की, गाडीत बायकांचा फार कलकलाट झाला आहे. मला याचे हसू येते. हेच लोक चाळीस वर्षे पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत आरोळ्या मारून राजकारण बोलत आले. झेडपीच्या निवडणुकीवरून चालत्या गाडीत गचांडी धरल्याचे मी पाहिले आहे. तो कलकलाट नव्हता, ती चर्चा होती! बायकांनी सुनेच्या डोहाळ्यांबद्दल दोन शब्द बोलले की मात्र यांच्या कानाला त्रास होतो.

रडणाऱ्या लेकराचेही तसेच. लेकरू रडले की गाडीतली दहा माणसे त्या आईकडे अशा नजरेने बघतात की, जणू तिने ते मुद्दाम चालू केले आहे. त्या लेकराला बंद करायचे बटण नसते. ज्याला असते, त्याच्याबद्दल आपण बोलू.

यंत्राचा आवाज गाडीत आला तो काही मोबाइलबरोबर नाही. आमच्याकडे काळी-पिवळी जीप सुरू झाल्या तेव्हा मागच्या सीटच्या डोक्यावर दोन स्पीकर बसवलेले असत. नऊ जणांच्या जागेत सोळा जण कोंबलेले, त्यात कॅसेट पूर्ण आवाजात. चालकाला 'जरा कमी कर' म्हणायची सोय नव्हती, कारण तो राग धरून पुढच्या फाट्यावर आणखी तीन माणसे भरी. पुढे रात्रीच्या खासगी गाड्यांत व्हिडिओ आला. पुण्याला पोहोचेपर्यंत मारामारीचे दोन सिनेमे डोळे मिटून ऐकावे लागत. पण ते सारे एकाच ठिकाणाहून येणारे आणि सगळ्यांना सारखेच छळणारे होते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि एका गाडीत वीस ठिकाणांहून वीस आवाज निघू लागले. एकाचे कीर्तन, दुसऱ्याची लावणी, तिसऱ्याच्या हातात पंधरा पंधरा सेकंदांचे विनोद आणि प्रत्येक विनोदाच्या शेवटी तेच ते यंत्रातले हसू. हे हसू मला सगळ्यात जास्त टोचते. गाडीत कोणी हसलेले नसते आणि हसण्याचा आवाज मात्र येत राहतो.

यात आणखी भर म्हणजे नव्या गाड्या कमी आवाज करतात. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीच्या त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, एस. टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' सुरू झाली. तशा एका गाडीत मी बसलो तेव्हा प्रथम वाटले की ती बंद पडली आहे. अशा गाडीत मागच्या बाकावरचा फोन पुढच्या बाकावर स्पष्ट ऐकू येतो. जुन्या लाल गाडीचा खडखडाट आपल्या किती उणिवा झाकत होता, ते आता कळते.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त जपानात आहे. तिथे आगगाडीत फोन 'मॅनर मोड'वर, म्हणजे मुका करून ठेवावा आणि फोनवर बोलू नये, अशी विनंती डब्यात केली जाते आणि लोक ती पाळतात. तो सांगत होता, "मामा, पहिला महिनाभर मला वाटलं, सगळे माझ्यावर रागावलेत." आपल्याला इतके नको. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळे हे दुसरे टोक. टाळ, ढोलकी, खड्या आवाजातले अभंग. डोंबिवलीला एका मित्राकडे असताना मी दोन-तीन दिवस त्या डब्यातून गेलो आणि खरे सांगतो, मला फार आनंद झाला. पण तिसऱ्या दिवशी समोर एक तरुण बसला होता, रात्रपाळी करून आलेला. प्रत्येक झांजेला त्याचे डोळे उघडत होते. आवाज भक्तीचा असो की लावणीचा, उठून दुसरीकडे जायची सोय नसलेल्या माणसाला तो सारखाच.

आता ती तिसरी गोष्ट.

१९८७ चे वर्ष आठवत असेल त्यांना आठवत असेल. पावसाने दगा दिला होता. आमच्या शाखेची थकबाकी वाढत चालली होती आणि वरून दर आठवड्याला पत्रे येत होती. एका संध्याकाळी मी आणि आमचे रोखपाल जिंतूरच्या गाडीत बसलो. गर्दी बेताची. दिवसभर नोटिसा लिहून डोके जड झालेले. काहीतरी हलके बोलावे म्हणून आम्ही नोटिसांचाच विषय काढला. एका शेतकऱ्याने विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज घेतले होते. सात-आठ हजारांची बाकी. विहिरीला पाणी नाही, मोटार खोलीत पडून. आम्ही त्याचे नाव घेऊन बोललो, गाव घेऊन बोललो, आणि मोटारीला पाणी नाही तर त्याने ती आता भिंतीवर टांगावी, असा काहीतरी विनोद मी केला. गाडी खडखडत होती म्हणून मोठ्याने केला. दोन बाक पुढे बसलेल्या, पांढरा फेटा बांधलेल्या एका गृहस्थाने मागे वळून आमच्याकडे पाहिले. हसला नाही. मी ते मनावर घेतले नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तो शेतकरी शाखेत आला. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर न बसता उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडीत बोलले म्हणं आमच्या खात्याचं."

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पाव्हणे होते त्या गाडीत."

त्याच्या मुलीची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुलाचे चुलते त्या दिवशी घरदार बघून परत चालले होते. पांढरा फेटा. पुढचे सांगायची गरज नव्हती आणि त्यानेही सांगितले नाही. आवाज चढवला नाही, माझ्या अंगावर आला नाही. तसे केले असते तर मला बरे वाटले असते. मी चहा मागवला. तो त्याने घेतला नाही. टोपी सारखी केली आणि निघून गेला.

बँकेत रुजू होताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असते. खातेदाराची माहिती बाहेर सांगणार नाही, असे त्यात असते. मी ती सही कपाटातल्या कागदांसाठी केली होती. कागद मी कधीच कोणाला दाखवले नव्हते. गाडीतले बोलणे हे बाहेर सांगणे असते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. रोज जाऊनयेऊन गाडी घरासारखी वाटू लागली होती.

१९९० साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकित शेतीकर्जाला माफी दिली. याद्या करायचे काम आले. त्याचे नाव यादीत मी माझ्या हाताने लिहिले. कर्ज माफ झाल्याचा कागद न्यायला तो आला, सही करून गेला. मुलीचे विचारायचे माझ्या फार मनात होते. विचारले नाही. तीन वर्षांपूर्वी तो विनोद मी गिळला असता, तर त्या घराचे काय झाले असते, याचा हिशेब मला अजून जमत नाही. नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत दुष्काळ आला, बँका आल्या, मोडलेल्या सोयरिकीही आल्या. हा प्रसंग मात्र आणवला नाही. आज प्रथमच लिहितो आहे.

म्हणून गाडीतल्या शिष्टाचाराचा विषय निघाला की, आवाज किती मोठा होता, यापेक्षा बोलणे कोणाबद्दल होते, हे मला आधी विचारावेसे वाटते. स्वतःबद्दल मोठ्याने बोलणारा माणूस फार तर कंटाळवाणा असतो. गाडीत नसलेल्या माणसाबद्दल बोलणारा त्याचे घर उघडे टाकतो. डॉक्टर, शिक्षक, तलाठी, वकील, बँकवाले आणि अलीकडे सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारे, या सगळ्यांच्या पोटात गावाची गुपिते असतात. आज ती फोनवरून बाहेर पडतात. परवाच परभणीच्या गाडीत एक सुशिक्षित बाई आपल्या मैत्रिणीला एका विद्यार्थिनीची हकीकत सांगत होत्या. मुलीचे नाव, वर्ग, आडनाव, सगळे. त्यांचा आवाज मोठा नव्हता. तरी मी तिसऱ्या बाकावरून सगळे ऐकले. कोणत्याही नियमाने त्यांना दंड करता आला नसता.

नियमाने काय होते आणि कशाने काय होते, याचाही एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी देवळे पाहायला आलेल्या एका पाहुण्याला घेऊन मी चारठाण्याला गेलो. गाडी भरलेली. मधल्या बाकावर विशीतला एक पोरगा, हातात फोन, आवाज पूर्ण. वाहक एकदा म्हणाला, "ओ, आवाज कमी करा." पोराने दोन रेघा कमी केला, वाहक पुढे सरकला तसा पुन्हा वाढवला. वाहकाला तरी किती वेळ? तिकिटे, सवलती, आधार कार्ड, सुटे पैसे. माझ्या पाहुण्याने इंग्रजीतून काहीतरी पुटपुटले. त्याने काय होणार? तेवढ्यात त्या पोराच्या शेजारची म्हातारी त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "लेकरा, कवाधरनं बोंबलायलंय ते. त्याच्या पोटात दुखायलंय का?"

गाडी हसली. पोरगाही हसला आणि त्याने फोन बंद केला. आजीने त्याला तसे सोडले नाही. "कोणाचा रं तू?" पोराने सांगितले. मग आजोबांचे नाव. मग आत्या कुठे दिली ते. मग आत्याच्या सासूचे आणि आजीचे माहेर एकच निघाले. पुढचा सगळा रस्ता ती दोघे बोलत होती, आणि हळू बोलत होती असे म्हणता येणार नाही.

पोराला नात्याने हाक मारून मग टोकायचे, ही जुनी रीत आहे. 'बापू', 'दादा', 'लेकरा' म्हटल्यावर समोरच्याला अपमान न होता माघार घेता येते. 'ओ' म्हटल्यावर येत नाही. शहरात कोणी कोणाचा लेकरू नसतो, तिथे पाटी लावावी लागते, दंड ठेवावा लागतो, ठेवावा. पण पाटीच्या जोरावर टोकणारे बहुधा पोरांना आणि मजुरांनाच टोकतात, हेही मी पाहिले आहे. पांढरे कपडे घालून, स्पीकर चालू करून, अर्धा तास प्लॉटचा सौदा करणाऱ्या माणसाला कोणी 'आवाज कमी करा' म्हणत नाही. मीही म्हटलेले नाही.

अगदी अलीकडची गोष्ट. जिंतूरहून चारठाण्याची गाडी. माझ्या पुढच्या बाकावर माझ्याच वयाचे एक शेतकरी. फोन आला, त्यांनी स्पीकरवर घेतला, कारण कानाला कमी ऐकू येत असावे. पलीकडून पुतण्या बोलत होता, पीकविम्याचा अर्ज भरत बसलेला. आधारचा नंबर विचारला. यांनी खिशातून कार्ड काढून एकेक आकडा सावकाश, खणखणीत आवाजात सांगितला. मग बँकेचे खाते. मग पुतण्या म्हणाला, "आबा, आता ओटीपी आला असंल, सांगा." निवृत्त झालो तरी अंगातला बँकवाला मेलेला नाही. मी उठलो, त्यांच्या शेजारी बसलो आणि कानाजवळ जाऊन म्हणालो, "मामा, हे असं मोठ्यानं सांगू नये. सगळी गाडी ऐकायलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग गाडीवरून एक नजर फिरवली.

"ऐकू द्या की साहेब," ते म्हणाले, "गाडीत सगळे आपलेच हायेत."

पण ओटीपीचे आकडे त्यांनी स्पीकर बंद करून, फोन तोंडाशी धरून, हळू सांगितले. मग फोन खिशात ठेवला, माझ्याकडे तंबाखूची डबी पुढे केली आणि विचारले, "तुम्ही कुठले म्हणायचे?"

मी म्हणालो, "पूर्वी इथं बँकेत होतो."

"मंग तर तुम्हाला समद्यांचंच ठाऊक असंल," ते म्हणाले.